ईआर-पीआर रक्तात नाही, गाठीत बघतात

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ईआर-पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रिसेप्टरची) टेस्ट म्हणजे पैसे काढायचा धंदा, रक्तातले हार्मोन तपासले की झालं, पाळी गेलेल्या बाईला तर गरजच नाही, आणि दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे येतात म्हणजे टेस्टच खोटी. मी परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज याच स्लाइड्स करते, म्हणून लिहिते.

रक्तात हार्मोन किती हा प्रश्नच नाहीये. गाठीतल्या पेशींच्या केंद्रकात हे हार्मोन धरणारा रिसेप्टर आहे का ते बघायचं असतं. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनचा काप काढायचा, अँटीबॉडी लावायची, रिसेप्टर असेल तिथे केंद्रक तपकिरी होतं. १ टक्का पेशी जरी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह, १ ते १० टक्क्यांत लो पॉझिटिव्ह लिहितात. यावरच हार्मोनला रोखणारी गोळी द्यायची की नाही हे ठरतं, आणि ती गोळी बहुतेक जणींना ५ वर्षं तरी घ्यायची असते, अंदाजाने कशी देणार?

पाळी गेली म्हणून इस्ट्रोजेन संपत नाही, चरबीत थोडं बनत राहतं, लेट्रोझोल ही गोळी नेमकं तेच बनणं थांबवतं. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर झाला तरी ही टेस्ट करतात.

आता रिपोर्ट वेगळे येतात ते. येतात, खरंय. पण बऱ्याचदा चूक टेस्टच्या आधीच झालेली असते. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवी, मोठी असेल तर कापून, आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. आमच्याकडे एकदा एका नर्सिंग होममधून गाठ सलाइनमध्ये आली, तीही दुसऱ्या दिवशी. ईआर निगेटिव्ह दिसत होता, पण बाजूच्या नॉर्मल दुधाच्या नलिकाही रंगल्या नव्हत्या, ज्यांच्यात थोड्या तरी पेशी रंगायलाच हव्यात, म्हणजे गाठच नीट टिकली नव्हती. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो रिपोर्ट दिलाच नाही, ऑपरेशनआधीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवला. पेशंट काकूंचा मुलगा बदलापूरहून तो डबीत घालून घेऊन आला, त्यावर परत केलं तर केंद्रकं गडद तपकिरी. काकूंची गोळी त्या ब्लॉकवर सुरू झाली.