लादी तोडू नका, भाऊ!

हॅम-चीज स्लायडरचं, म्हणजे छोट्या पावांत हॅम आणि चीज भरून भाजलेल्या सँडविचचं, पहिलं संकट बेकरीच्या काउंटरवरच उभं असतं. "बारा पाव द्या" म्हटलं की पाववाल्याचा हात सवयीने लादीला जातो, टर्रकन दोन-दोनाचे तुकडे पडतात आणि आपण तोंड उघडेपर्यंत ते रद्दी पेपरात गुंडाळलेलेही असतात. म्हणून पैसे काढण्याच्या आधी म्हणायचं, "लादी तोडू नका, भाऊ." तो आपल्याकडे संशयाने बघतो. बघू द्यावं. या पदार्थाचा सगळा डाव अखंड लादीवर आहे. सहा पाव एकमेकांना चिकटलेले हवेत. त्यांना मधून एकदाच आडवं कापायचं, खालच्या थरावर माल मांडायचा, वरचा थर जसाच्या तसा झाकायचा, वर लोणी लावायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. सुटे पाव घेतले तर बारा वेगळी सँडविचं जुळवत बसावं लागतं आणि प्रत्येकातून चीज चारी बाजूंनी पळ काढतं.

मूळ अमेरिकी कृतीत हवाईचे गोडसर रोल असतात. रॉबर्ट तायरा नावाच्या गृहस्थांनी १९५० साली हवाई बेटांवरच्या हिलो गावात बेकरी काढली, तिथून हे रोल पुढे अमेरिकाभर गेले. पण गोड पावाची ती चाल बेटांवर आणली पोर्तुगीज मजुरांनी, आणि आपल्याकडे पाव आणला तोही पोर्तुगीजांनीच. म्हणजे नातं जवळचंच आहे. फरक एवढाच की त्यांच्या रोलमध्ये साखर, लोणी, अंडं असतं आणि आपली लादी मुख्यतः मैदा, यीस्ट, मीठ आणि पाण्यावर भागवते. त्यामुळे ती हलकी आणि अधाशी असते. वर ओतलेलं लोणी तळापर्यंत पिऊन टाकते. पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच निघतात.

पाव आदल्या दिवशीचा घ्यावा. ताजी, गरम लादी सुरीखाली दबते आणि कापली न जाता फाटते. दातेरी सुरी घ्यावी, डावा तळहात लादीवर सपाट ठेवावा आणि सुरी दाबायची नाही, करवतीसारखी मागे-पुढे चालवायची. दाबली की ती पलीकडे वर निघते, आणि एका टोकाला जाड पाव नि दुसऱ्या टोकाला पापड असा प्रकार होतो. घरातली मंडळी अशा वेळी नेमकी ओट्याशी उभी राहून सल्ला देतात. सल्ला ऐकावा, सुरी थांबवू नये.

आता हॅम. खरं हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचं, मीठ लावून मुरवलेलं मांस. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत एकेकाळी अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, त्यांना ते काही परकं नसणार. आज जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दुकानांतल्या डीप फ्रीजरमध्ये बहुतेक चिकन हॅम मिळतं, आणि बऱ्याच घरांत चालतंही तेवढंच. दोन लाद्यांना, म्हणजे बारा पावांना, अडीचशे ग्रॅम पुरतं. खरेदीच्या यादीत ते सगळ्यात शेवटी घ्यावं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि गाडीच्या डिकीत चीज स्वतःच सँडविच शोधायला लागतं. पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावं, ओट्यावर नाही. एकदा फोडलं की तीन-चार दिवसांत संपवावं.

हॅमला पाणी सुटतं, आणि स्लायडर बिघडण्याचं एक नंबरचं कारण हेच. पातळ चकत्या पेपर नॅपकिनवर पसरून वरून टिपून घ्याव्यात. मग सपाट रचू नयेत, चुरगळल्यासारख्या सैल घड्या घालून ठेवाव्यात. सपाट थर घट्ट बसतो, दाताने तोडताना अख्खी चकती बाहेर ओढली जाते आणि खाणाऱ्याच्या हातात दोन कोरडे पाव उरतात.

पाण्याचा दुसरा बंदोबस्त म्हणजे खालचा थर आधी भाजून घेणं. कापलेली बाजू वर करून १८० अंशांवर चार मिनिटं ठेवली की वरून पातळ कडक साय धरते. तिच्यावर लगेच चीजची स्लाइस. चीज आणि पाव यांच्यामध्ये हॅम आणायचं नाही, चीजनेच पाणी अडवायचं. बाजारातल्या पाकिटात स्लाइस दहा आणि पाव बारा, यावरून घरात वाद पेटतो. पण स्लाइस पावापेक्षा मोठी असते. पाव मोजत बसू नका, लादी झाका: पाच स्लाइस कडेने जुळवून, गरज पडली तर एखादी फाडून लावली की सहा पाव झाकले जातात. कडेला बोटभर जागा सोडा, नाहीतर चीज ट्रेमध्ये उतरून जळतं आणि तो वास आठवडाभर ओव्हनमध्ये राहतो.

मुलांना चीजची लांब तार हवी असते. प्रोसेस्ड स्लाइस तार धरत नाही, ती गुमान मऊ होऊन जागेवर बसते. तारेसाठी हॅमच्या वर लादीमागे पन्नास ग्रॅम किसलेलं मोझरेला टाकावं. तार फोटोपुरती असते, चव स्लाइसच देते, असं माझं मत आहे आणि घरात ते कुणीही मानत नाही.

वरून लावायच्या लोण्याचं मिश्रण हा कृतीचा आत्मा. दोन लाद्यांना ७५ ग्रॅम बटर पुरे. अमेरिकी कृती शंभराच्या वर सांगते, ती त्यांच्या रोलला झेपते. बटर बिनमिठाचं घ्या. हॅम खारट, चीज खारट, त्यात बटरही खारट म्हणजे पाणी पिऊन पोट भरतं आणि पदार्थाचं नाव खराब होतं. बटर वितळवून त्यात एक मोठा चमचा मोहरीचा सॉस, दोन चहाचे चमचे बारीक किसलेला गूळ किंवा मध. वूस्टरशायर सॉस मिळाला तर एक चहाचा चमचा. नाही मिळाला तरी अडत नाही. त्याच्या आंबटपणात चिंच असतेच, तेव्हा अर्धा चमचा चिंचेचा कोळ आणि अर्धा चमचा सोया सॉस घालून वेळ निभावते. मोहरी घरी वाटायची असेल तर गार पाण्यात वाटून दहा मिनिटं ठेवा, मग व्हिनेगर घाला. झणका वाटल्यानंतर पाण्यातच तयार होतो. व्हिनेगर आधी पडलं तर तो पुरता उठत नाही आणि गरम पाणी त्याला मारून टाकतं.

कृतीत वाळवलेल्या कांद्याचे तुकडे लिहिलेले असतात. जळगावात कांदा वाळवून परदेशी पाठवणारा मोठा कारखाना आहे, आणि गल्लीतल्या किराणावाल्याला वाळवलेला कांदा मागितला तर तो आपल्याला टोपलीतला सुकलेला कांदा दाखवतो. ओला कांदा किसून घालू नका, त्याचंही पाणी सुटतं. बारीक चिरून चमचाभर तेलात बदामी परता आणि मग घाला. खसखस त्यांच्याकडे काळसर असते, आपली पांढरी चालते. अनारशांसाठी जपून ठेवलेली पुडी मागण्याचं धाडस नसेल तर तीळ लावा.

हे मिश्रण ओतायचं नाही, ब्रशने लावायचं. ओतलं की पाव-पावामधल्या फटींतून थेट ट्रेमध्ये जातं आणि तळ तेलकट होतो. अर्धं आत्ता, अर्धं शेवटी.

ओव्हन दहा मिनिटं तापवलेला हवा, १८० अंश. ट्रेवर बटर पेपर, लादी मधल्या कप्प्यात. लहान ओटीजीत एका वेळी एकच लादी मावते, तीही खालच्या कप्प्यात ठेवावी, कारण वरचे रॉड जवळ असतात आणि आत गार असतानाच खसखस काळी पडते. फॉइल तंबूसारखी उंच झाका, लोण्याला चिकटली तर उघडताना पावाची वरची साल घेऊन निघते. झाकून तेरा-चौदा मिनिटं, मग उघडून उरलेलं लोणी लावून पाच मिनिटं. लाईट गेली तर दार उघडून बघू नका. आतली ऊब बराच वेळ टिकते आणि शेवटची पाच मिनिटं जाड तव्यावर झाकण ठेवून भागवता येतात. कूलर, मिक्सर आणि ओटीजी एका बोर्डावर लावणाऱ्याला मात्र कोणतीच कृती वाचवू शकत नाही.

आता माळकरी आजी. त्यांच्यासाठी वेगळी लादी, वेगळा ट्रे, वेगळी सुरी, वेगळा ब्रश, आणि ती लादी ओव्हनमध्ये आधी जाणार. आत काय घालायचं याचा खान्देशात विचार करावा लागत नाही: भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. काट्याकुट्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं, हिरव्या मिरचीचं भरीत चीजखाली अप्रतिम लागतं. फक्त नेहमीच्या निम्मं तेल घाला आणि तव्यावर गोळा होईपर्यंत आटवा. भरीत-चीज म्हटल्यावर कळण्याची भाकरीवाले तिरस्काराने बघतात, आणि पहिली लादी तेच संपवतात.

खरी परीक्षा वेळेची. ओव्हनमधून काढल्यावर तीन-चार मिनिटं थांबून, जोडांवरून सुरीने कापून (ओढून नाही, ओढलं की शेजारच्याचं चीज येतं) दहा मिनिटांत खाल्लं तरच मजा आहे. आणि "बसा, झालंय" म्हटलं की घर पांगतं. एकजण आंघोळीला जातो, एकजण मोटर बंद करायला. मी आता लादी ओव्हनमध्ये टाकतानाच "झालंय" म्हणून हाक मारते. सगळे येईपर्यंत ती खरंच झालेली असते.

घरातले थोरले, जिभाऊ, पहिला उचलून उलटसुलट बघतात, "हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारतात, चार खातात आणि मग विचारतात, "जेवण केव्हा?" इथे वाद घालण्यात अर्थ नाही. कृतीत माणशी दोन लिहिलंय, ते जेवण म्हणून. खान्देशात माणशी चार धरा, तेही नाश्ता म्हणून, आणि कुकरला तूरडाळीची खिचडी आधीच लावून ठेवा.

उरले तर डब्यात घालून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचे. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पाव चामड्यासारखा होतो. मंद तव्यावर, कडेला पाण्याचे चार थेंब टाकून, झाकण ठेवून चार मिनिटं, मग झाकण काढून एक मिनिट. सोबत ठेचा द्या. मोहरीचा सॉस कालच संपलेला असतो.