बाळाच्या नाकातोंडात काय जातंय, ते आधी बघा

गोव्यात पर्वरी किंवा वास्कोच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी पहिल्या बाळंतपणाला वाळपईला, पेडण्याला नाहीतर फोंड्याला आईकडे येते आणि इस्पितळातून घरी आल्यावर दोन दिवसांत वाद सुरू होतो. आजीनं सहाण घासून ठेवलेली असते, मुलीच्या मोबाईलवर बाळाच्या काळजीचे व्हिडिओ भरलेले असतात. आजी म्हणते, आम्ही चार पोरं अशीच वाढवली. मुलगी म्हणते, हे सगळं अशास्त्रीय आहे, बंद कर. या ओढाताणीत अनेक घरांत घुटी चालू राहते आणि मालीश बंद पडते. नेमकं उलट व्हायला हवं होतं.

जुनं की नवं, ही वाटणी बाळाच्या काही कामाची नाही. वाटणी बाळाच्या अंगावरून करा. जे हातानं, आवाजानं आणि मांडीवर होतं, म्हणजे मालीश, न्हाऊ घालणं, अंगाई, कडेवर घेऊन फिरवणं, ते घरातल्या जुन्या बायकांकडून शिकून घ्या. जे तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत घालायचं किंवा बेंबीवर लावायचं असतं, ते आजीच्या डब्यातलं असो नाहीतर ऑनलाइन मागवलेलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. ग्राइप वॉटरची बाटली आणि सहाणेवर उगाळलेला जायफळाचा वेढा या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत.

घुटीचंच घ्या. हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, प्रत्येकाचे सहाणेवर ठरावीक वेढे. मोठ्या माणसाला यातल्या बऱ्याच वस्तू उपयोगी असतील, पण वेढा हे माप नव्हे. हात जड पडला की त्याच वेढ्यात दुप्पट जायफळ उतरतं. बाळ घुटीनंतर शांत झोपतं असं सांगतात. जायफळाची गुंगी हे त्याचं एक कारण असू शकतं, आणि गुंगीतलं बाळ दूध कमी ओढतं. त्यात सहाण ओली राहिलेली, पाणी कधी उकळलेलं, कधी नाही. जुलाब तिथून सुरू होतात. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब (साधारण रोज 400 युनिट), याखेरीज तोंडात काही नको. मे महिन्याच्या उकाड्यात पाणीही नको, कारण आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. तहान वाटली तर बाळ जास्त वेळा पितं, तेवढं पुरतं.

जन्मल्यावर जिभेला मध लावण्याबद्दल मी जरा कडक आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. मग बद्धकोष्ठ, रडण्याचा आवाज क्षीण, मान लुळी, शेवटी श्वासाला त्रास. हे क्वचित होतं, पण झालं तर बाळ अतिदक्षता विभागात जातं. मध शुद्ध असून उपयोग नाही, रानातल्या ताज्या मधातही बीजाणू असू शकतात. विधी करायचाच असेल तर चाटण आईच्या दुधाचं करा.

बाकीचं थोडक्यात. बेंबीला हळद, राख, तेल काही नको. कोरडी ठेवली की नाळ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडते. काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं आणि घालणाऱ्या बोटाबरोबर जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट तळपायाला लावा, आजीचंही मन राहील. गळ्यात काळा दोरा नको, झोपेत आवळतो. नाकात-कानात तेल नको, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं. आणि न्हाऊ झाल्यावरची धुरी बंद करा. निखाऱ्यावर ओवा, लसणीची सालं, वेखंड घालून बाळ त्यावर धरण्यामागचा हेतू ओलं अंग उबेला लागावं, केस सुकावेत एवढाच असावा. ते काम मऊ पंचा आणि बंद दार करतात. नवजात बाळ मिनिटाला 40 च्या आसपास श्वास घेतं, तेवढ्या वेळा धूर आत जातो.

आता मालीश. इथे व्हिडिओ बाजूला ठेवा आणि आजी कशी बसते ते बघा. भिंतीला पाठ टेकवून पाय लांब, दोन पायांच्या मधल्या खोलगट जागेत बाळ. पालथं घातलं की बाळ नडग्यांवर मान उचलायचा प्रयत्न करतं. आजकाल ज्याला टमी टाइम म्हणून रंगीत मॅट विकतात तो हाच व्यायाम, आणि मॅटवर रडणारं बाळ आजीच्या पायांवर रडत नाही, कारण तिथे ऊब असते आणि कानावर आवाज असतो.

तेल नारळाचंच घ्या. गोव्यात ते ताजं मिळतं, आणि नारळाच्या दुधापासून घरी कढवलेलं असेल तर फारच चांगलं. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला झोंबतं आणि तिचा वरचा थर बिघडवतं. एका वेळेला दोन चमचे पुरतात. नारळाचं तेल 24 अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरात सत्तरीच्या थंड सकाळी ते तळहातांवर चोळून पातळ करा. गॅसवर तापवलेल्या तेलाचा अंदाज चुकतो आणि भाजतं. दूध पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्या, नाहीतर सगळं बाहेर येतं. पायांपासून सुरुवात करा, मग हात, छाती, शेवटी पाठ. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा; मोठं आतडं त्याच दिशेनं वळतं आणि वायू पुढे सरकतो. मग दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे दुमडायचे, सात-आठ वेळा. पोटदुखीच्या रडण्यावर घुटीऐवजी हे करा. ते रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं थांबतं. ज्या आठवड्यात ते थांबतं त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना मात्र तीन गोष्टी आधीच सांगा, बाळ त्यांच्या पायांवर गेल्यावर नको. पाय धरून उलटं टांगायचं नाही. कणकेच्या गोळ्यानं लव काढायची नाही. ती आपणच झडते, घासल्यावर फक्त पुरळ येतो. आणि मुलगा असो की मुलगी, छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती फुगते, कधी थेंबभर दूधही येतं, आणि काही आठवड्यांत ती बसते. पिळली तर पू होतो आणि चिरा द्यावा लागतो.

तेल न्हाण्याच्या आधी लावा, नंतर नको. आपल्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, अंगावर राहिलेलं तेल आणि वरून पावडर मिळून घामाची छिद्रं बुजतात, मानेच्या वळ्यांत घामोळं उठतं. टाळूवर तेल थापून ठेवलं तर खपल्या वाढतात. वीस मिनिटांनी धुऊन टाका. पाणी कोपर बुडवून बघा. कोपराला कोमट लागलं म्हणजे झालं. भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भांड्यातलं, कढत पाणी आणि नळाचं पाणी बाळाला घेण्याआधी मिसळा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची मालीश आणि न्हाण कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. तोवर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवणं सगळ्यांत चांगलं.

लंगोट की डायपर यावर मोठे वाद होतात, माझ्या मते एवढं त्यात काही नाही. दिवसा सुती लंगोट, ओला झाला की बदला. रात्री किंवा प्रवासात डायपर, तीन-चार तासांच्या वर नको. फक्त जून ते सप्टेंबर सांभाळा. आपल्याकडे पावसात लंगोट सुकतच नाहीत, दमट लंगोटातून जांघेत बुरशी येते. घालण्याआधी इस्त्री फिरवा.

सहा महिन्यांनंतरचं खाणं हा विषय मोठा आहे, आणि इथे जुन्या पद्धतीतही दोन पद्धती आहेत. पहिलं अन्न म्हणून उकड्या तांदळाची निव्वळ पेज देतात. पेजेत बहुतांश पाणी असतं. पोट भरतं, वजन भरत नाही. नाचणीचं गाळलेलं सत्त्व देतात, तेही मला पटत नाही. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळली की खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. नाचणीची खरी दौलत, 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, त्यातलं बरंचसं सालीबरोबर फडक्यात राहून जातं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ करा. अर्धा किलो नाचणी तीन पाण्यांतून धुऊन दहा-बारा तास भिजवायची, निथळून फडक्यात बांधायची, चोवीस तासांत पांढरे मोड दिसतात. मोड फार लांबू देऊ नका, कडवटपणा येतो. सावलीत कडकडीत सुकवा, मंद आचेवर खमंग वास येईस्तोवर भाजा, दळा, बारीक चाळणीनं चाळा. मोडांमुळे दोन गोष्टी होतात: लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि खीर दाट पिठाची असूनही पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त अन्न जातं. पावसाळ्यात मोडांना कुबट वास आला तर ती नाचणी फेकून द्या, भाजून बुरशीचं विष जात नाही. म्हणून हे पीठ मे महिन्यात करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवणं बरं, आणि भर पावसात थोडं थोडंच करा.

दोन टेबलस्पून पीठ, एक कप पाणी, गुठळ्या मोडून आठ मिनिटं शिजवा, वर चमचाभर तूप किंवा दोन चमचे नारळाचं दूध. तिजनात, म्हणजे आपल्या नाचणीच्या गोड खिरीत, घालतो तसा गूळ यात नको, वर्षापर्यंत मीठही नको. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. नवव्या महिन्याच्या सुमारास अर्धी वाटी तीन-चार वेळा. शिवाय डाळ, अंडं आणि मासळी. मुडदुशी हा मासा आपल्याकडे आजाऱ्याला देतात ती पचायला हलकी म्हणूनच. उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून, सातव्या महिन्यात बाळाला खुशाल द्या. लोहासाठी नुसत्या नाचणीवर विसंबू नका. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी योजनेतून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप मिळतं, आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत विचारा.

मिक्सर मात्र कपाटात ठेवा. आजी भात-वरण बोटांनी कुस्करते, त्यात बारीक गुठळ्या राहतात, आणि आठ-नऊ महिन्यांच्या जिभेला त्याच हव्या असतात. वर्षभर मिक्सरमधलं पातळ खाल्लेलं मूल दीड वर्षाचं झालं तरी शीत लागलं की उमासे काढतं. अख्खे काजू आणि शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नको, पूड करून द्या. श्वासनलिकेत अडकलेला काजू दुर्बिणीनं काढावा लागतो.

जेवताना समोर मोबाईल ठेवणं ही नव्या घरांतली घुटीच आहे. मूल गप्प होतं, तोंड उघडतं, आणि पोट भरल्याचं त्याला कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या सूचनांत दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको असं सांगितलं आहे, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसून कावळा, मांजर, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा दाखवत भरवायला वीस मिनिटं जास्त लागतात. ती वीस मिनिटं त्याची भाषा शिकण्याची असतात.

पांगुळगाड्यालाही मी वॉकरपेक्षा वर ठेवते. लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभं राहून ढकलतं, पाय टेकतं, तोल सांभाळतं. बसायचा वॉकर त्याला लटकवतो, पावलं दिसू देत नाही, बोटांवर ढकलत चालायची सवय लावतो आणि पायरीवरून खाली घेऊन जातो. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्या घरांना ओटा आहे, पायऱ्या आहेत, अंगणात तळी आणि विहिरी आहेत.

घरात मराठी, शेजारी कोंकणी, बालवाडीत इंग्रजी, यानं मूल उशिरा बोलतं असं समजून आई-बाप मोडक्या इंग्रजीवर येतात. तसं करू नका. प्रत्येकानं आपल्या सवयीच्या भाषेत भरपूर बोलावं, आणि मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजावेत. पण वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचा बाबाही उशिराच बोलला’ हे ऐकून थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेऊन आधी कान तपासून घ्या.

सासू-सुनेत किंवा आई-मुलीत हे सगळं बोलायचं कसं, हा खरा अवघड भाग. मोबाईलवरचा लेख आजीपुढे धरू नका, ते तिच्या चार पोरांच्या संगोपनावर बोट ठेवल्यासारखं होतं. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा आजीला बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर तिलाच विचारू द्या, घुटी देऊ का, मध चालेल का. परत येताना मालिशीचा वेळ ठरवून घ्या. लस दिलेल्या मांडीला त्या दिवशी तेल चोळायचं नाही, बाकी अंगाला चालतं.