शहापूर-मोखाड्याचं पाणी आणि मुंबईचं बिल

जून लागला की मुंबईत एकच चर्चा, तलावांत किती टक्के पाणी उरलंय. पण हे तलाव आहेत कुठे विचारलं तर बऱ्याच जणांची गाडी विहार-तुळशीवर अडते. अहो त्या दोघांचं पाणी अगदीच थोडं, मुंबई जगते ती भातसा, तानसा, मोडकसागर आणि वैतरणेवर, म्हणजे शहापूर, वाडा, मोखाडा आणि वर इगतपुरीकडच्या डोंगरांवर. एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा!

तानसा धरण १८९२ चं. आणि त्याच शहापूर तालुक्यात आजही दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. टँकरवाला पाइप विहिरीत सोडतो, पाणी तळाला टेकतंय न टेकतंय तोच चारी बाजूंनी दोर आत पडतात, कळशी वर येते ती निम्मी गढूळ, मग पदर दुमडून हंड्याच्या तोंडावर धरायचा आणि गाळून घ्यायचं. पाडे उंचावर, धरणं खाली, कातळात पाणी मुरत नाही, हे सगळं मान्य. पण शंभर किलोमीटर लांब पाणी नेता येतं तर पाच-सात किलोमीटर वर चढवता येत नाही? भावली धरण तर घाटावर आहे, तिथून पाणी उताराने शहापुरात येऊ शकतं, ती योजना वर्षानुवर्षं रखडलीय.

बरं, नुसतं पाणी नाही. तानसा अभयारण्याचं जंगल उभं आहे म्हणून माती धरून राहते, तलावात गाळ कमी येतो. तिथेच २०१४ मध्ये रानपिंगळा हे दुर्मिळ घुबड दिसलं होतं. या जंगलाचे निर्बंध पाळतात ते वारली, कातकरी, ठाकूर, कोळी. त्याबद्दल त्यांना काय मिळतं?

न्यूयॉर्कने १९९७ मध्ये, जिथून शहराला पाणी येतं त्या कॅट्सकिल डोंगराळ भागातल्या गावांशी रीतसर करार केला, शहर तिथल्या शेतकऱ्यांना, सांडपाण्याच्या सोयींना पैसे देतं, स्वतःच्या जमिनीचा टॅक्सही तिथे भरतं. उपकार म्हणून नाही हं, पाणी मुळातच स्वच्छ राहिलं तर फिल्टर प्लांटचा अवाढव्य खर्च वाचतो म्हणून. मग मुंबईच्या पाणीबिलातले थोडे पैसे दरवर्षी थेट या ग्रामपंचायतींना आणि ग्रामसभांना का जाऊ नयेत? मी तरी आनंदाने भरेन.

आता मुंबईसाठी वाड्यात गारगाई धरण करायचं म्हणतात, पुन्हा अभयारण्यातली झाडं जाणार, ओगद्यासारखी गावं पाण्याखाली जाणार. माझं स्पष्ट मत आहे, आधी जुन्या धरणांकाठच्या प्रत्येक पाड्यात नळ आणि त्याला बारमाही पाणी, मुंबईतली गळती बंद, आणि मगच गारगाईचं नाव काढा.