फोटो काढलात, छान. पत्र टाकलेत का?

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने हिमाचलातल्या स्पितीच्या सहलीचे ढीगभर फोटो टाकले. त्यांतले निम्मे हिक्किमच्या पोस्टासमोरचे होते. लेटरबॉक्सच्या आकाराची ती लालभडक इमारत, तिच्यासमोर सगळी मित्रमंडळी आणि शेवटी हातात पोस्टकार्ड धरून उभा असलेला हा एकटा. मी सहज विचारले, "कार्ड कुणाला पाठवलंस?" उत्तर आले, "मामा, तिथे केवढी रांग होती! कार्ड फोटोपुरतं घेतलं होतं." तेव्हापासून माझे डोके फिरले आहे, आणि ते ताळ्यावर येईपर्यंत इथे लिहीत बसण्याखेरीज मला दुसरा उपाय दिसत नाही.

हिक्किमचे पोस्ट सुमारे 14,500 फुटांवर आहे आणि 1983 पासून चालू आहे. मी गेलो होतो तेव्हा ही इमारत नव्हती. एका मातीच्या घरात टेबल-खुर्ची मांडून कारभार चालत असे आणि बाहेर भिंतीला लाल पेटी लावलेली होती. थंडीने माझे पेन चालेना, तेव्हा पोस्टमास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. आत्याला चार ओळी लिहिल्या. त्यांनी तारखेचा शिक्का शाईच्या गादीवर दोनदा आपटला, तरी कार्डावर तो अर्धाच उमटला. मग त्यांनी कार्ड उजेडात धरून पाहिले आणि तिथेच शेजारी पुन्हा एकदा, जरा जोर लावून मारला. हे कार्ड आधी काझाला उतरणार, तिथून बसने रेकाँग पिओ, मग सिमला, आणि असे करत करत वाईजवळच्या एका खेड्यात पोहोचणार होते.

पोहोचले. महिना लागला असेल. पोस्टमनने ते वाटेतच वाचून काढले होते, आणि नुसते वाचले नव्हते तर पारावर थांबून चार लोकांना दाखवलेही होते. त्यामुळे कार्ड आत्याच्या हातात पडण्याआधीच आळीतल्या बायका तिला विचारून गेल्या होत्या, "काकू, तुमचा भाचा बर्फात कशाला गेलाय?"

प्रवासात अशी वेगळी पोस्टे आणि पेट्या हेरण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे आणि माझ्या इथल्या मित्रयादीतल्या अनेकांनाही तो आहे, म्हणून रागाने का होईना, हे बोलायला हवे. दल सरोवरातले तरंगते पोस्ट सगळ्यांना ठाऊक असते. जपानमध्ये वाकायामा प्रांतात सुसामी गावाजवळ समुद्रात दहा मीटर खोल टपालपेटी आहे, तिचेही फोटो फिरत असतात. पण 1999 पासून कुणीतरी पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली उतरतो, त्या पेटीतली न भिजणारी कार्डे काढून आणतो आणि पोस्टात नेऊन देतो, म्हणून ती टपालपेटी आहे. तो माणूस उतरायचा थांबला की समुद्रात पडलेल्या भंगारात आणखी एका डब्याची भर पडेल, एवढेच.

गॅलापागोसमधल्या फ्लोरियाना बेटावर तर टपालखाते नाही, तिकीट नाही, शिक्का नाही, पोस्टमनही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांनी तिथल्या किनाऱ्यावर एक पिंप ठेवले. जाणाऱ्याने आपले पत्र त्यात टाकायचे आणि परतीच्या वाटेवरच्या जहाजाने आपल्या गावाकडची पत्रे निवडून सोबत न्यायची. आजही तिथे जाणारे प्रवासी आपले कार्ड पिंपात टाकतात, आतली कार्डे चाळतात आणि आपल्या घराजवळचा पत्ता सापडला तर ते कार्ड उचलून आणून त्या घरी हातोहात देतात. मला सांगा, तिथे सगळेच फोटोपुरते कार्ड धरून उभे राहिले असते, तर ते पिंप दोनशे वर्षे टिकले असते का?

बरे, भाच्याची बाजूही ऐकून घेऊ. फोटो क्षणात पोहोचला, पाहून आम्हाला आनंदही झाला. शिवाय एवढ्याशा गावातल्या पोस्टावर हंगामात पर्यटकांच्या कार्डांचे डोंगर पडतात आणि ते वाहणाऱ्यांचे हाल होतात, हेही खरे असेल. मान्य. पण मग तिथे रांगेतली जागा अडवून फोटो तरी कशाला काढायचा?

आत्याने त्या कार्डाला उत्तर पाठवले होते. आंतरदेशीय पत्र होते, कडेच्या चिंचोळ्या पट्टीवरसुद्धा मजकूर. माझी तब्येत, जेवणाचे हाल वगैरे दोन ओळींत उरकून तिने विचारले होते की, इतक्या उंचावरून पत्रे खाली आणणाऱ्या माणसाला पावसा-बर्फाचे जास्तीचे पैसे मिळतात का. नातेवाइकांना मी हिक्किमचे किती फोटो दाखवले असतील याची गणती नाही, पण त्या माणसाबद्दल विचारणारी ती एकटीच निघाली. घरासमोरून सायकलवर जाणाऱ्या पोस्टमनला ती उन्हाळ्यात थांबवून पन्हे देत असे, त्यामुळे तिला हा प्रश्न सुचणे साहजिकच होते. (त्याने कार्ड परस्पर वाचल्याबद्दल मात्र तिने त्याला चांगलेच सुनावले होते, असे नंतर कळले.)

आपल्या मराठी मंडळींना तर पोस्टाचे अप्रूप सांगायला परदेशी जायची गरज नाही. ज्या पिन कोडवाचून आज पार्सलसुद्धा दारात येत नाही, तो 15 ऑगस्ट 1972 रोजी देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, आणि संस्कृतात कविता करणारे होते. अंटार्क्टिकावर भारताच्या दक्षिण गंगोत्री तळावर 1984 मध्ये पोस्ट उघडले, ते गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेले; पुढे तो तळ बर्फात गाडला गेला तेव्हा पोस्ट मैत्री तळावर गेले. 2024 च्या एप्रिलमध्ये भारती तळावर आणखी एक शाखा सुरू झाली आणि तिला प्रायोगिक पिन मिळाला एमएच-1718. जगाच्या त्या टोकाला आपल्या राज्याची अक्षरे! शिक्क्याच्या हौसेने लोक तिकडे कार्डे पाठवतात, ती मोहिमेच्या जहाजातून जातात आणि शिक्का लेवून पुढच्या फेरीने परत येतात. वाट पाहायला ज्यांची हरकत नाही, अशी माणसे अजून आहेत म्हणायची.

आणि ज्यांची हरकत आहे, ते रडायला तेवढे सर्वांत पुढे असतात. डेन्मार्कमध्ये 1624 पासून चाललेले सरकारी पत्रवाटप 2025 च्या अखेरीस बंद झाले. रस्त्यांवरून काढलेल्या लाल पेट्या विकायला ठेवल्या, तर त्या काही तासांत संपल्या. घरी शोभेला पेटी हवी, तीत टाकायला पत्र नको! आपल्याकडे त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा इथेच माझ्या यादीतल्या कितीतरी जणांनी गळा काढला होता. त्यांनी शेवटचे रजिस्टर कधी केले होते, हे मी विचारत नाही. मैत्री टिकवायची आहे.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. मघाशी भाच्याला फोन केला. ते कोरे कार्ड अजून त्याच्या बॅगेत आहे. तिकीट लावून ते मुंबईच्या जीपीओत टाक, म्हटले. 1913 साली पुरा झालेला तो विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवरचा घुमटही एकदा मान वर करून बघ, रोज त्याच्यासमोरूनच ऑफिसला जातोस. "टाकतो मामा," म्हणाला. बघू.

पुढच्या महिन्यात मी केरळात जाणार आहे. त्रावणकोर संस्थानाची स्वतःची टपालव्यवस्था होती, अंचल नावाची. ती 1951 मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाली, पण शंखाचे चिन्ह असलेल्या तिच्या हिरव्या लोखंडी पेट्या काही ठिकाणी अजून उभ्या आहेत, त्या पाहायच्या आहेत. ज्यांना तिकडून कार्ड हवे असेल त्यांनी मला मेसेंजरवर पूर्ण पत्ता पाठवावा. पिनचे सहाही आकडे लिहावेत, "मारुती मंदिराजवळ" एवढ्यावर भागणार नाही. आणि कार्ड मिळाल्यावर त्याचा फोटो मला पाठवू नये, उत्तर पाठवावे. माझा पत्ता कार्डावर असेल.