वाढत्या अंगाची खुर्ची

“जरा ऐसपैस घ्या, बसायला बरी पडेल.” पहिली ऑल-टेरेन, म्हणजे खडबडीत वाटेवरही चालणारी, व्हीलचेअर घेताना विकणाऱ्यानं दिलेला हा सल्ला मी निमूट ऐकला. पोरांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, तशी वाढत्या अंगाची खुर्ची! घरातल्या फरशीवर झकास चालली. मातीच्या वाटेवर नेली तेव्हा अर्ध्या तासात कळलं की मी खुर्चीत बसलेली नाहीये, नुसती ठेवलेली आहे. वाट डावीकडे उतरती झाली की मीही डावीकडे. चाकं हाताला यावीत म्हणून कोपरं पंखांसारखी फाकवायची, आणि रात्री खांदे ठणकायचे.

लोक जाड टायर बघून भुलतात. मीही भुलले. पण टायर वाटेसाठी असतात, माणसाच्या मापाचं काय? फरशी सगळं खपवून घेते, खडबडीत वाट प्रत्येक दणक्याला चूक दाखवते. म्हणून माप नेहमीच्या उशीवर बसूनच घ्या. उशी बदलली की उंची बदलते आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. सीट कुल्ल्यांपेक्षा जेमतेम दोनेक सेंटिमीटर रुंद असावी. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं मावली की झालं.

खरी गोची फुटरेस्टची, म्हणजे पाय टेकवायच्या पट्टीची. दगडाला अडकतो म्हणून आपण तो वर घेतो. गुडघे वर येतात, मांड्या उशीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बसायच्या दोन हाडांवर येतो. ज्याला तिथं संवेदना आहे तो चुळबुळ तरी करेल. मला नाही. त्या दिवशी घरी येऊन आरशात पाहिलं, तर रुपयाएवढा लाल डाग. तासाभरानंतरही तसाच. बेडसोरची, म्हणजे सतत दाबानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते. मग फुटरेस्ट पुन्हा खाली घेतला आणि अख्खी सीटच उंच केली. सीट उंच झाली की तोल थोडा बिघडतो, हेही खरं. एक दिलं की दुसरं घ्यावंच लागतं.

आता एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस. मागची चाकं थोडी पुढे सरकवली की भार त्यांच्यावर येतो, पुढची छोटी चाकं हलकी होतात आणि वाळूत रुतत नाहीत. मला हे इतकं आवडलं की एकदम चार सेंटिमीटर सरकवली. पहिल्याच चढावर मी उताणी, डोळ्यांसमोर आभाळ. खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली मागची छोटी अँटी-टिप चाकं आदल्या दिवशी मीच काढून ठेवली होती, हे शहाणपण वेगळंच. आता एका वेळी एकच सेंटिमीटर, आणि तेही मागे कुणीतरी उभं असताना.

पुढची चाकं अडकून पडू नये म्हणून दुसराही एक उपाय आहे. राल्फ हॉचकिस हा इंजिनिअर १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर स्वतः खुर्ची वापरायला लागला. त्याच्या रफरायडर खुर्चीत पुढची चाकंच बरीच पुढे नेलेली असतात, त्यामुळे तोंडावर आपटायची भीती कमी. वळायला मात्र जागा जास्त लागते.

वाळूसाठी टायरची हवा कमी केलीत तर ब्रेकही तपासा. टायरवर दाबून धरणारा ब्रेक असेल तर मऊ टायरवर तो नीट पकडत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उतारावर थांबले, ब्रेक लावला, आणि खुर्ची सावकाश निघालीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हीलचेअर पुरवण्याच्या आठ पायऱ्या आहेत. त्यात फिटिंग ही स्वतंत्र पायरी आहे, वापरणाऱ्याला शिकवणं वेगळं, आणि नंतर पुन्हा येऊन पाहणंही. माझ्या वेळी खोका उघडून दिला, सही घेतली, संपलं. खुर्चीबरोबर आलेला पाना प्लास्टिकच्या पिशवीतून मी वर्षभर बाहेरही काढला नव्हता.

आता तो सीटच्या खिशात असतो. परवा एकानं नवी खुर्ची दाखवायला बोलावलंय. “मोठी घेतलीय, आरामशीर आहे,” म्हणाला. पाना घेऊनच जाणार आहे.