हात काढू नकोस, स्टेशन जाईल!

जुन्या रेडिओचा विषय निघाला की लोकांचे आवाज एकदम हळवे होतात. सकाळची आकाशवाणीची ती शिवरंजनीतली धून, चहा, भूले बिसरे गीत वगैरे. सगळं कबूल. पण ही मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: आपण रेडिओचं जितकं ऐकलं त्याच्या दुप्पट वेळ त्याने आपलं ऐकावं म्हणून घालवला. घरात त्याच्याइतकं हट्टी दुसरं कुणी नव्हतं.

सुरुवात पोस्टातून होई. सेट विकत घेतला म्हणून तो आपला झाला असं नव्हे. पोस्टात जाऊन परवाना काढायचा, वर्षाला १५ रुपये भरायचे, पुस्तकात सेटची कंपनी नि नंबर लिहून घ्यायचा. मुदत चुकली की वर दंड. म्हणजे घरात बसून गाणं ऐकायला सरकारी परवाना, आणि पहाटे वाड्याच्या नळावर भसाड्या आवाजात गाणाऱ्याला कसलीही अट नाही! ऐंशीच्या दशकात ही भानगड एकदाची बंद झाली, पण तोवर ऐकणारेच उठून टीव्हीसमोर जाऊन बसले होते.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सेटचा कान पिळला की लगेच आवाज येत नसे. आधी डायलमागचा दिवा लागे. मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट नुसतं बघत बसायचं. मग खालच्या पट्टीतली गुरगुर, आणि मग माणसाचा आवाज. सात पाचच्या प्रादेशिक बातम्या पहिल्या वाक्यापासून हव्या असतील तर सेट निदान दहा मिनिटं आधी लावणं शहाणपणाचं. त्या वेळी संस्कृत बातम्या चालू असत. १९७४ पासून महाराष्ट्रात ‘इयम् आकाशवाणी’ एवढं संस्कृत सगळ्यांना पाठ आहे, त्याचं श्रेय शाळेला नाही, व्हॉल्व्हला आहे.

गावाकडे याच्यावर व्होल्टेजची मेहेरबानी. दिवेलागणीला २३० चे १६० झाले की बल्ब तांबडा दिसू लागे. सेट चालू, मुंबई-पुणे लागतंय, पण शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरदेशीच्या स्टेशनांच्या पट्ट्यावर, स्मशानशांतता. लोक त्या स्टेशनला शिव्या घालत. ते बिचारं जागेवरच असे. व्होल्टेज पडलं की सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडायला लागणारी लहर आतच तयार करणारा भाग, आधी वरच्या फ्रिक्वेन्सीवर मान टाकतो, म्हणून शॉर्टवेव्ह पहिली जाते आणि मीडियम वेव्ह शेवटपर्यंत तग धरते.

आता एरियल. गच्चीवर दोन काठ्या, त्यांच्यामध्ये तीसेक फूट तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर आणि एका टोकाकडून खिडकीतून आत घेतलेली वायर. पुस्तकात काम इथे संपतं. घरात ते सुरू होतं, कारण दोन काठ्यांमधली ताणलेली तार दिसली की ओला टॉवेल हातात असलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कपड्यांच्या वजनाने तार झोळ खाते, पत्र्याला टेकते आणि सेट मुका होतो. संक्रांतीला तिच्यावर मांजा. हे टाळायला काही जण तांब्याच्या जाळीची पट्टी खोलीतच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बांधत. तिच्यावर निदान कपडे येत नसत; जळमटं येत.

अर्थिंग म्हणजे नळाच्या लोखंडी पाइपला घासून, घट्ट गुंडाळलेली तार. ट्रान्सफॉर्मरवाल्या एसी सेटला ही उत्तम. पण ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये मेनची एक तार सरळ चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. प्लग दोन पिनांचा, कसाही बसणारा. तो उलटा बसला की पूर्ण चासी जिवंत. अशा सेटच्या चासीला कुणी उत्साहाने नळाची अर्थ जोडली की फ्यूज उडे, आणि अंधारात घरातले सगळे एकाच माणसाकडे बघत. या सेटच्या बटणात जो बारीक स्क्रू असतो त्याच्या भोकात कंपनी मेण भरून देई, बोट लागू नये म्हणून. पुढे बटण हरवायचं, उघड्या दांडीला पक्कड लावून स्टेशनं बदलायची, आणि ‘हल्ली रेडिओ चावतो’ अशी तक्रार करायची, हा रीतसर क्रम होता.

या सगळ्याची परीक्षा बुधवारी रात्री आठला. १९५२ साली माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी कोलंबोच्या रेडिओ सीलोनवर (म्हणजे आजच्या श्रीलंकेतून) हिंदी सिनेगीतांची पायदानांनी क्रमवारी लावणारी बिनाका गीतमाला सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली तरी बुधवार काही सीलोनने सोडला नाही. आता कोलंबो मुंबईपासून दीड हजार किलोमीटर. मधला प्रवास आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून. ते आयनांबर स्थिर नसतं, म्हणून आवाज लाटेसारखा जायचा-यायचा, आणि नियमाने पहिल्या पायदानाचं नाव जाहीर होतानाच जायचा. कधी आवाज मोठा असूनही तोंडात पाण्याची गुळणी धरून गायल्यासारखा येई. कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी सेटपाशी येऊन आपसात भांडत. त्यावर सेटमध्ये कसलंही बटण नाही. लोक तरीही सगळी बटणं फिरवत.

खरा उपाय बँड, म्हणजे शॉर्टवेव्हवरचा लहरींचा पट्टा, बदलण्याचा. दिवसा २५ मीटर, अंधार पडून तो पातळ झाला की ४१ मीटर. बँड बदलला की काटा पुन्हा शोधायचा, आणि शॉर्टवेव्हवर केसभर हललं की मॉस्को. सेटला मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा, असेल तर त्याच्या उजेडातली सावली सर्वांत चिंचोळी होते तिथे थांबायचं. नसेल तर जीभ दातांत धरून. त्यात स्वस्त सेटची एक लबाडी होती: एकच जोरदार स्टेशन दोन ठिकाणी लागे. एक खरं आणि एक त्याच्या ९१० किलोहर्ट्झ खाली, कारण सेट प्रत्येक स्टेशन आत ज्या एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती ४५५ आणि तिची दुप्पट ९१०. खालच्या जागी शिट्टी जास्त. कित्येक घरांनी वर्षानुवर्षं शिट्टीवालं सीलोन ऐकलं आणि बोटभर अंतरावर स्वच्छ सीलोन रिकामं बसून होतं.

स्टेशन सापडलं की पुढचा अंक. वायरला हात लावून बघणाऱ्याच्या अंगाचंच एरियल होई. आवाज खणखणीत. हात काढला की गेला. मग घरातलं जे सर्वांत लहान आणि वाद न घालणारं, त्याला तास संपेपर्यंत तिथे उभं करत. त्याला आवडीचं गाणं कुठलं हे कुणी विचारत नसे.

डायलवरच्या काट्याबद्दल मात्र मी हळवा व्हायला तयार आहे. काचेवर लंडन, अंकारा, दिल्ली अशी ऐटदार नावं, आणि काटा ओढणारी एक साधी दोरी. बटणाच्या दांडीला दोन-तीन वेढे, स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरच्या चाकाला वळसा, दोन-तीन पुल्या, टोकाला स्प्रिंग. दोरी सैल झाली की बटण फिरतं, काटा बसून राहतो. दांडीला चिमूटभर राळ चोळली की ती पुन्हा धरते. तेल घातलं की कायमची सुटते, आणि घरात पहिल्यांदा तेलच घालत. नवी दोरी ओवताना वेढे उलटे पडले तर काटा लंडनकडे चालतो आणि गाणी दिल्लीकडे. शिवाय नोव्हेंबर १९७८ मध्ये मीडियम वेव्हवर स्टेशनांमधलं अंतर दहाचं नऊ किलोहर्ट्झ झालं आणि स्टेशनं जरा जरा सरकली. काचेवर चिकटवलेल्या कागदाच्या खुणा एका दिवसात खोट्या पडल्या.

सेट मध्येच बंद पडला की थपाटा. यात अडाणीपणा नव्हता. व्हॉल्व्हच्या पिना सॉकेटमध्ये गंजत, सोल्डरचे जोड सुटत, धक्क्याने क्षणभर जुळत. फक्त दर आठवड्याला जास्त जोराचा थपाटा लागे आणि शेवटी व्हॉल्व्हची फिलामेंटच तुटे. व्हॉल्व्ह उपटून पिना घासून परत बसवणं दोन मिनिटांचं काम, पण त्यात राग निघत नाही.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा वाटलं, सुटलो. सुटलो कसले! आता एरियल पोटातच, फेराइटची कांडी. तिचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की मीडियम वेव्ह मरते. म्हणून सेट आडवा-उभा करून सगळं घर प्रदक्षिणा घाले. त्यात चार सेल. तीन नवे नि एक जुना घालून काटकसर केली की जुन्याचा अंतर्गत रोध वाढलेला, आणि आवाज वाढवला की फटफटी सुरू झाल्यासारखं ‘फट् फट् फट्’. याला दुकानात ‘मोटरबोटिंग’ म्हणत आणि शंभर एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर बदलून देत. सेल बदलले असते तरी भागलं असतं. ते न करता लोक सेल उन्हात ठेवत. उबेने रसायनाला जरा जोर येतो आणि मॅचची दोन षटकं निघतात. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातला चेंडू सीमारेषेकडे निघालेला असताना सेल संपले, तर तो अजून निघालेलाच आहे.

आज माळ्यावरून आजोबांचा सेट काढून कुणी उत्साहाने प्लग लावणार असेल तर जरा थांबा. आतले वीज गुळगुळीत करणारे फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतात. आधी ते बदला. मग ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये घेऊन सेट लावा. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक, भगभगीत जळतच राहिला तर शॉर्ट आहे, ताबडतोब प्लग काढा. सगळं जमलं की गुरगुर येईल, मग खरखर. ती खरखर सेटची नाही, घरातल्या एलईडी दिव्यांची आहे. दिवे सगळे घालवा, वायफायचा अडॅप्टर काढा, शेजाऱ्यांनाही विनंती करून बघा. आणि वायर धरायला कुणीतरी लहान शोधून ठेवा.