पोटात दुखतं, पण दीड हजारांमुळे नाही

भाऊ, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. महाराष्ट्र राज्याच्या कर्जावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. एक, सरकार म्हणजे घर नव्हे. जपानवर देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे, तरी तो बुडाला नाही. दोन, गरीब बाईला लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार मिळाले की माझ्यासारख्या पगारदारांच्या पोटात दुखतं.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण जपान कर्ज काढतो स्वतःच्या चलनात, आणि ते चलन छापणारी बँकही त्याचीच. (तरी त्याच्या अर्थसंकल्पाचा सुमारे चौथा हिस्सा कर्जफेड आणि व्याजातच जातो.) महाराष्ट्राला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचं देणं बाकी असेल तोवर घटनेच्या कलम 293 नुसार नवं कर्ज काढायलाही केंद्राची संमती लागते.

2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत ते 19 टक्क्यांच्या आत बसतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. मला धास्ती वाटते ती त्याच अर्थसंकल्पातल्या 45,891 कोटींच्या महसुली तुटीची. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चच कमाईत भागत नाही, त्यासाठीही उसने आणावे लागतात. धरणासाठी काढलेल्या कर्जातून निदान धरण तरी उभं राहतं. अर्थात तिथेही हात सैल सुटला की काय होतं, ते विदर्भाला सांगायला नको: 372 कोटींचं गोसेखुर्द धरण 18 हजार कोटींच्याही पुढे गेलं.

आता दीड हजारांचं. 2025-26 मध्ये लाडक्या बहिणींसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती आणि व्याजापोटी 64 हजार कोटींहून जास्त. व्याज थकवता येत नाही, आणि निवडणुकीत दिलेला शब्द मागे घ्यायला कोणी धजत नाही. मग कात्री कुठे लागते? 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी या योजनेकडे वळवले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. तो पैसा अनुसूचित जातींसाठी राखलेला होता.

शिवभोजन थाळीचंही तेच. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती असलेल्या पेशंटसोबत भंडाऱ्याहून, गोंदियाहून, पार बालाघाटहून आलेली माणसं दुपारी दहा रुपयांत जेवतात: दोन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. शहरात एका थाळीमागे सरकारने 40 रुपये द्यायचे असतात. 2025 मध्ये राज्यभर थाळी केंद्रांच्या चालकांची बिलं महिनोन्‌महिने थकली. केंद्र बचत गटाच्या ताई चालवत असतील तर त्या इतवारीच्या बाजारातून उधारीवर तांदूळ-डाळ उचलतात; दुकानदार किती दिवस थांबणार? मग थाळ्या कमी होतात, नाहीतर केंद्राला कुलूप लागतं. त्याच ताईच्या खात्यात दीड हजार येतात, आणि तिचे सरकारकडे त्याच्या कितीतरी पट अडकलेले असतात. माझ्या पोटात दुखतं ते इथे.

दीड हजार बंद करा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की छाननी आधी करा, पैसे नंतर वाटा. मतदानाआधी सरसकट वाटून झाल्यावर सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचं 2025 मध्ये सरकारनेच सांगितलं. त्या पैशावरचं व्याज आता पात्र बहिणीही भरणार आहेत, तेल-साबणावरच्या करातून.

डिसेंबर 2025 मध्ये आपल्याच नागपूरच्या विधानभवनात अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी 75,286 कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी) मांडल्या गेल्या. अशा प्रत्येक मागणीसोबत पैसा कुठून येणार आणि त्यासाठी कोणत्या खात्याला कात्री लागणार, हे सभागृहाला लेखी मिळालं पाहिजे. ही मागणी तुम्हाला गरिबांच्या विरोधातली वाटत असेल, तर का ते जरूर लिहा.